कालवं, अलास्का आणि पाण्याच्या नोंदी

परवा आईने बाजारातून कालवांचा वाटा आणला, नि ती सोलत बसलेली बघून मला अलास्काची ती केस आठवली, जी मी गेली काही वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या पोरांना आवर्जून शिकवते.

साल २००४, जुलै महिना. प्रिन्स विल्यम साउंड म्हणजे जिथे हिमनद्या थेट समुद्रात उतरतात तो भाग, तिथल्या एका क्रूझवरच्या लोकांना जुलाब, पोटात मुरडा, उलट्या सुरू झाल्या. कच्ची कालवं खाल्लेली, वर लिंबू पिळून, तिकडे तशीच खातात. दोषी निघाला व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस. आता हा जंतू गटाराच्या पाण्यातून येतो असं नाही हं, तो समुद्रातच असतो, फक्त त्याला ऊब लागते, म्हणून अलास्कात तो सापडेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आधी या जंतूची बाधा जिथल्या कालवांमुळे झाल्याची नोंद होती, त्यातल्या सगळ्यात उत्तरेकडच्या जागेपेक्षाही ही जागा हजारेक किलोमीटर वर!

मला या तपासातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तपास करणाऱ्यांनी फक्त आजाऱ्यांना नाही विचारलं. १८९ प्रवाशांपैकी १३२ जणांशी बोलले, त्यात आजारी फक्त २२, म्हणजे बाकीच्या ११० जणांना काहीही झालेलं नव्हतं तरी त्यांनाही तेच प्रश्न, काय खाल्लं, काय प्यायलात, कालवं घेतली का. पोरं दरवर्षी विचारतात की मॅडम जे धडधाकट आहेत त्यांना कशाला छळायचं. अरे, सगळ्याच आजाऱ्यांनी ब्रेड खाल्लेला असतो, पण ब्रेड तर बऱ्या असलेल्यांनीही खाल्लेला असतो ना, मग ब्रेडवर आळ कसा घेणार? इथे कच्ची कालवं ही एकच गोष्ट वेगळी निघाली, खाणाऱ्यांपैकी २९ टक्के आजारी पडले. या क्रूझवरचे नि बाकीचे धरून त्या उन्हाळ्यात एकूण ६२ रुग्ण सापडले.

मग माग काढत गेले. तिकडे कालवांच्या प्रत्येक पोत्याला टॅग असतो, कुठून काढली, कधी काढली, आणि हॉटेलवाल्याने तो ९० दिवस जपून ठेवायचा. त्या टॅगमुळे कालवांच्या शेतापर्यंत, म्हणजे समुद्रात जिथे ती वाढवतात तिथपर्यंत, पोचता येतं. आणि शेतावर पाण्याच्या तापमानाच्या नोंदी होत्या! १९९७ पासून जुलै-ऑगस्टचं पाणी दरवर्षी साधारण ०.२१ अंशाने तापत आलेलं, आणि ज्या कालवांनी त्रास झाला ती सगळी पाण्याचं रोजचं सरासरी तापमान १५ अंशांच्या वर गेलेलं असताना काढलेली. साधी रोजची नोंद, कुणीतरी न कंटाळता केलेली, तिने उत्तर दिलं. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं, खरंच.

आता आपलं बघा. आपल्या खाडीचं पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास, तिथे व्हिब्रिओला काय कमी? आमच्या लॅबमध्ये पोरांनी कालवांचा नमुना टीसीबीएस अगारवर, म्हणजे व्हिब्रिओ वाढवायच्या खास माध्यमावर लावला तर दुसऱ्या दिवशी प्लेटभर हिरव्यागार वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, त्या हिरव्या दिसल्या की संशयित म्हणून पुढच्या टेस्ट करायच्या. आपल्याकडे कालवं मसाल्यात चांगली शिजतात, त्यात जंतू मरतो, ती काळजी नाही. काळजी आहे ती उन्हात टोपलीत तासन्‌तास पडलेल्या मालाची, कारण मनासारखी ऊब मिळाली की हा जंतू दहा मिनिटांत दुप्पट होतो, आणि ज्या विळीवर, पाटावर कालवं सोलली तिथेच काकडी-कांदा चिरला तर? विळी आधी साबणाने धुवा, बर्फ मागून घ्या, विक्रेत्या मावशी देतात बर्फ, मागितला की.

परवा आईला हेच सांगितलं. ती म्हणाली, "धुते गं, पहिल्यापासून धुते," आणि विळी घेऊन मोरीकडे गेली. या सोमवारपासून पोरं ओहोटीला खाडीवर थर्मामीटर घेऊन जाणार आहेत, नोंदी मी रजिस्टरमध्ये ठेवते.