तळघराची ओल: परतीचा पाऊस ओसरल्यानंतरची नोंद

सोलापुरातल्या साखर पेठेतलं आमचं घर दगडाचं, चुन्यातल्या बांधकामाचं. तळघर मुरमात खोदून काढलेलं. तिथं आजोबांचा हातमाग पुन्हा उभा करायचाय. मागाची फणी गंजू नये आणि सूत कुबट होऊ नये, एवढा कोरडेपणा मिळाला की बास. पाऊस थांबल्यापासून काम बरंच पुढं गेलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोलापूर म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं, इथं तळघरात पाणी कुठनं येणार असं विचारतात. पण आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. काळी माती उन्हाळ्यात तडकते, त्या भेगांतून सुरुवातीच्या पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं, कातळावर अडतं आणि मुरमातून आडवं पाझरत येतं. त्या पाण्याला आपलं तळघर म्हणजे एक विहीरच. सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, तोही जमीन आधीच भिजलेली असताना. ऑक्टोबर २०२० ची इथली अतिवृष्टी ज्यांनी पाहिलीय, त्यांना वेगळं सांगायला नको.

ओल दिसली की लोक पहिल्यांदा वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणतात. माझं ठाम मत असं, की पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत ब्रश हातात घ्यायचाच नाही. फरशीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावून दीड-दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या खाली धरले तर ओल जमिनीतून येतेय, वर धरले तर हवेतली वाफ गार फरशीवर बसतेय. माझ्याकडं थेंब खाली होते. मग बोळातल्या आडात दोरीला दगड बांधून सोडला आणि पाण्याची पातळी मोजली. ती तळघराच्या फरशीपेक्षा बरीच खाली निघाली, तेव्हा जीव भांड्यात पडला. पातळी फरशीच्या वर असती तर प्रकरण निराळं होतं. मीटरभर उंचीचं पाणी दर चौरस मीटरला एक टन दाब देतं, तिथं आतून लावलेला रंग टिकत नाही. अशा वेळी तळघर घाईघाईनं उपसूही नये, खालच्या दाबानं कोबा उचलला जातो.

मग ओल कुठली? पूर्वेची भिंत नळाला पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी जास्त काळवंडायची, पाऊस असो वा नसो. आपल्याकडं नळ रोज येत नाही, त्यामुळं घरोघरी अंगणात हौद आहे, आणि आमचा हौद नेमका त्याच भिंतीला लागून. हौद भरून घेतला, वापर बंद ठेवला, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलनं खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या दोन बोटं खाली! हौद उपसून पाहिला, तर तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात केसासारखी बारीक चीर, तिच्या कडेनं पांढरा क्षार जमलेला. चीर छिन्नीनं रुंद केली, न आकसणारा ग्राउट (चीर भरायचा सिमेंटचा मसाला) भरला आणि कोपरा गोलाईत घेतला. नंतरच्या भरतीला खूण जागची हलली नाही.

उरलेली ओल छपराच्या पाण्याची. हिशोब सोपा आहे: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. साठ चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पडला की तीन हजार लिटर, आणि आमचा पाइप ते सगळं भिंतीच्या मुळाशी ओतत होता. गवंडीमामांनी आत पाऊल टाकायच्या आधीच बाहेर बोट दाखवलं, "मालक, आधी हा उतार बघा." पाइप लांब नेऊन गटारीला जोडला. भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम ठोकून भरला, त्यावर कोबा आणि शहाबादी फरशी, दहा फुटांना सहा इंच उतार घराकडून बाहेर. मुरूम उघडा ठेवू नका, तो पाणी पितो.

आतल्या भिंतीवर नंतर कधीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा होता, तो सगळा खरवडून काढला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढलं की ओल बाहेर पडत नाही, मागे साठते आणि क्षार गिलावा फुगवून पाडतात. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, कोरड्या ब्रशनंच झाडा. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. आता भिंती उघड्याच सुकू देतोय. पुढचा गिलावा मुरवलेला चुना आणि सुरकीचा (विटांच्या भुकटीचा).

खिडकीचंही एक सांगतो. सध्याच्या कोरड्या हवेत दिवसभर उघडी ठेवतो, पण पावसाळी दमट दुपारी बंदच ठेवायची. बाहेरची वाफ आत येऊन गार भिंतीवरच बसते.

वायरिंग कमरेच्या वर घेतलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवला. तळघरात पाणी दिसलं तर वरचा मेन बंद केल्याशिवाय पायरी उतरायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता राहिलाय कोपऱ्यातला खड्डा. त्यात फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) छोटा सबमर्सिबल पंप, तोही इन्व्हर्टरवर, कारण मोठ्या पावसात लाइट हमखास जाते. मृग लागायच्या आत तो बसवायचाय. कमी पाण्यात चालणारा पंप कुणी वापरला असेल तर कुठला, आणि गाळानं अडकतो का, तेवढं सांगा.