ड्रम भरलेला दिसला की हात आखडतो

पावसाचं पाणी साठवून झाडांना घालायला लागून मला चार पावसाळे झाले आणि त्यातले पहिले दोन मी निव्वळ कंजूषपणात घालवले. ड्रम काठोकाठ भरला की इतकं भारी वाटायचं ना, की त्यातलं पाणी काढायला हातच होत नसे. झाकण उघडायचं, बघायचं, परत लावायचं, आणि झाडांना पाणी कुठलं तर नळाचं! मनात हिशोब असा की हे राहू दे, पुढे कडक ऊन पडेल तेव्हा कामी येईल. मग दोन दिवसांनी परत पाऊस यायचा, ड्रम आधीच भरलेला, पन्हळीतून येणारं सगळं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून धो धो वाहून जायचं आणि मी खिडकीत उभी राहून हळहळायची. एकदा सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, ते लोणचं आहे का मुरत ठेवायला?" तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आता आकडे बघा म्हणजे माझा वेडेपणा कळेल. मागच्या शेडचा पत्रा १२ बाय १० फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. हिशोब एकदम सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. म्हणजे १० मिमी पाऊस झाला तर माझ्या पत्र्यावर ११० लिटर पडलं, त्यातलं थोडं उडतं, थोडं पत्रा ओला होण्यात जातं, थोडं पन्हळीबाहेर सांडतं, तरी ९० एक लिटर हाताशी लागतं. २०० लिटरचा ड्रम भरायला २२ मिमी पुरे, जोराचा पाऊस असला तर तासाभराच्या आत काम तमाम. आणि रिकामा व्हायला किती? माझ्याकडे २५ कुंड्या, कुंडीमागे लिटरभर धरलं तर रोजचे २५ लिटर, म्हणजे आठ दिवस. फक्त आठ! मी जे उन्हाळ्याची पुंजी म्हणून जपत बसले होते ते जेमतेम आठवड्याचं पाणी होतं. पण तोच ड्रम एका पावसाळ्यात दहा वेळा रिकामा करून दहा वेळा भरला तर २,००० लिटर वापरून होतात, आणि जपून ठेवला तर २००. हे कळायला मला दोन वर्षं लागली, कॅल्क्युलेटर फोनमध्येच होता.

बाकी चुका पण सांगते, कारण चुका करण्यात मी कसर ठेवलेली नाही.

तोटीखाली झारी बसायला हवी म्हणून ड्रम उंचावर ठेवावा लागतो, तेवढं कळत होतं. घरात एक जुनं लाकडी स्टूल होतं, चांगलं दणकट, माणूस उभा राहिला तरी हलत नाही, त्यावर ठेवला ड्रम. आता २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, तीन माणसं एकावर एक बसल्यासारखं, हे डोक्यातच आलं नाही. त्यात खालची माती पावसाने मऊ झालेली. रात्री पाऊस झाला, सकाळी बघते तर स्टुलाचा एक पाय चांगला चार बोटं जमिनीत गेलेला आणि ड्रम एका बाजूला असा कललेला, की आता पडतो का मग पडतो. जवळ जायची पण भीती वाटत होती, लांबूनच काठीने तोटी उघडून दिली आणि सगळं पाणी गेलं वाहून. आता खाली जमीन चोपून, फरशी टाकून, त्यावर विटांचे चार थर लावलेत, लेव्हल बघून. लहान मुलं असतील तर हे अजून मनावर घ्या, आणि झाकण घट्ट हवंच.

ड्रम जुना घेणार असाल तर आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारून घ्या, केमिकलचा असेल तर कितीही धुतलात तरी नको. आणि रंग गडद हवा. मी पहिल्यांदा पांढरट, आरपार उजेड जाणारा घेतला होता आणि काही दिवसांत आत हिरवंगार शेवाळ, तोटीत अडकायचं ते वेगळंच. उजेड बंद केला की शेवाळ बंद. शेवटी बाहेरून काळा रंग दिला. तोटी अगदी तळाला बसवू नका, चार बोटं वर ठेवा, खाली गाळ बसतो.

गाळावरून आठवलं, पहिली सर कधी ड्रममध्ये घ्यायची नाही. मोसमातला पहिला पाऊस असू दे नाहीतर मध्ये मोठी उघडीप पडून आलेला, पत्र्यावर तोवर धूळ, पाला, पक्ष्यांची शिट, मेलेले किडे सगळं जमलेलं असतं. मी पन्हळीच्या पाइपाखाली बादली ठेवते, माझ्या पत्र्याला १ मिमी म्हणजे ११ लिटर, म्हणजे बरोब्बर एक बादली. ती भरली की मग पाइप ड्रमकडे वळवायचा. खूप दिवसांची घाण असेल तर दोन बादल्या. त्या बादलीचा रंग एकदा बघाच, चहासारखा असतो. मी तो चहा शोभेच्या झाडांना घालते, त्यांची काही तक्रार नसते. पण पालेभाजी, कोथिंबीर असलं कच्चं खायचं असेल तर साठवलेलं पाणी वरून पानांवर मारायचं नाही, नुसतं बुडाशी घालायचं, आणि खायच्या आधी भाजी चांगल्या पाण्याने धुवायची. शेवटी ते पत्र्यावरचं पाणी आहे. आणि पत्रा सिमेंटचा जुना ॲस्बेस्टॉसवाला असेल किंवा वर शिशाचं काही बसवलेलं असेल तर ते पाणी भाजीला नकोच.

आता डास. हा विषय मी टाळत होते कारण लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी झाकण उघडलं आणि पाणी हललं. वारा नाही, काही नाही, पाणी आपलं आपण थरथरतंय. वाकून बघितलं तर अळ्या, शेकड्याने, डोकं खाली शेपूट वर करून लटकलेल्या, माझी सावली पडली की सगळ्या एकदम वळवळत खाली आणि मिनिटभरात परत वर श्वास घ्यायला. झाकण होतं, जाळी पण होती, पण पन्हळीचा पाइप जिथून आत शिरतो तिथे बोटभर फट राहिली होती आणि डासांना तेवढी पुष्कळ झाली. अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरम हवेत आठ-दहा दिवस पुरतात, आणि मी तर पाणी तीन-तीन आठवडे जपून ठेवायचे! म्हणजे डास मीच पाळत होते, बागेच्या नावाखाली. तेव्हा ते पाणी सरळ जमिनीवर ओतून दिलं, कोरड्यात अळ्या जगत नाहीत. पण नुसतं ओतून भागत नाही हे नंतर कळलं. डेंग्यू पसरवणारा जो डास असतो तो अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवून ठेवतो आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, परत पाणी चढलं की फुटतात. म्हणून ड्रम आतून काथ्याने खसाखसा घासायला लागतो, वरचा काठ तर जास्तच. आता पाइपाभोवती जाळी दोरीने आवळून बांधलीय, ओव्हरफ्लोच्या तोंडाला पण बांधलीय (तिकडून पण येतात हो!), आणि आठवड्याच्या आत ड्रम रिकामा हा नियम. कंजूषपणा खरा कशाने सुटला म्हणाल तर या अळ्यांनी.

पाणी सढळ हाताने वापरायचं ठरवलं तर दुसरीच पंचाईत. पाऊस पडतो तेव्हा ड्रमही भरतो आणि कुंड्याही भिजतात, मग घालायचं कुणाला? पण कुंड्या वाटतं तेवढ्या भिजत नाहीत. माझी जास्वंद इतकी दाट आहे की बारीक पावसात ती स्वतःच्याच कुंडीवर छत्री धरते, पानं चकाचक ओली आणि खाली माती कोरडी ठणठणीत. छपराखालच्या कुंड्यांना तर पावसाचा पत्ताच नसतो. म्हणून वरवर बघायचं नाही, बोट दोन पेरं आत घालून बघायचं, मातीचा गारवा लागला तर नको, कोरडं लागलं तर घाला. आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) एकदा पूर्ण सुकलं की पाणी आत घेतच नाही, कडेने सुर्रकन खाली उतरतं आणि आपल्याला वाटतं की पाणी पोचलं. अशा कुंडीला थोडं घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग परत घालायचं. आणि एवढं करून ड्रममध्ये उरलंच तर जमिनीतल्या झाडांच्या आळ्यांत सोडते, वर वाळक्या पाल्याचा जाड थर असतो त्यामुळे पुढचे काही दिवस ओल टिकते.

फरक पडतो का, हे सगळे विचारतात. पडतो, पण लोक सांगतात तसा जादूचा नाही. आमच्याकडे नळाचं पाणी जड आहे, म्हणजे क्षार जास्त असलेलं, कुंड्यांच्या काठाला पांढरे थर चढायचे, आणि अनंताची नवीन पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. माती आंबटपणाकडे असेल तर अनंताला लोह नीट मिळतं, आणि जड पाण्यातले क्षार नेमका तो आंबटपणा मारतात. पावसाच्या पाण्यात ते क्षार जवळजवळ नसतातच आणि ते स्वतः किंचित आंबट असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून स्वच्छ पावसाचा पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली म्हणजे आंबट) ५.६ च्या आसपास येतो. पण त्याने माती लगेच आंबट होते असं काही नाही, आपण रोज चुना घालायचं थांबवतो एवढंच. माझ्या अनंताची जुनी पिवळी पानं पिवळीच राहिली, नवीन आली ती मात्र हिरवी. विजांमुळे पावसात नायट्रोजन येतो म्हणून झाडं तरारतात हे पण ऐकलं असेल, येतो थोडा, पण मूठभर कंपोस्टपुढे तो कुठल्या कुठे. खत बंद करू नका त्याच्या भरवशावर.

ड्रिपचा प्रयोग पण करून झाला, थोडक्यात सांगते कारण फजितीच आहे. साध्या ड्रिपला १ बारच्या आसपास प्रेशर लागतं, म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरचं पाणी, आणि माझा ड्रम होता विटांवर दीड फुटावर. पहिल्या दोन कुंड्यांत टिपटिप आणि पुढे शुकशुकाट. झारीच बरी, प्रत्येक झाडाशी दोन मिनिटं उभं तरी राहणं होतं.

आज सकाळपासून आभाळ भरून आलंय आणि ड्रम निम्म्यावर आहे, म्हणजे १०० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या झारीच्या दहा फेऱ्या. सहा झाल्यात, चार बाकी. तळाचा गाळ राहील तो अनंताला. सासूबाई काथ्या घेऊन ड्रमपाशी येऊन उभ्या आहेत आणि म्हणतायत, "टायपिंग नंतर कर, आधी हे आडवं कर." जाते.