कॅमेरा पाचवरची क्लिप

त्या रविवारी आम्ही रीप्ले दाखवला नाही म्हणून बघणाऱ्यांनी आम्हाला धुतलं, आणि सोमवारी ऑफिसात मला विचारलं गेलं की आतली माहिती बाहेर गेली कशी. दोन्ही गोष्टी गाड्यांच्या रेसमधल्या एकाच अपघाताच्या. डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. ट्रॅक कुठला, राऊंड कितवा, अपघात झालेल्या पोराचं नाव काय हे लिहिणार नाही, तो अजून अठराचासुद्धा झालेला नाही.

मी रीप्ले ऑपरेटर आहे. अंधेरीला एमआयडीसीत आमची कंट्रोल रूम. रेस तिकडे दक्षिणेत चालू असते, कॅमेऱ्यांचे फीड इथे येतात आणि स्विचिंग, ग्राफिक्स, रीप्ले हे सगळं मुंबईत बसून होतं. वर्षभराचं पोट भरतं ते क्रिकेट आणि कबड्डीवर. रेसिंगचे वीकेंड मोजके आणि बजेट त्याहून कमी, पण माझ्या कामाचा कस लागतो तो इथेच. क्रिकेटमध्ये बॉल कुठून सुटणार ते ठरलेलं असतं. इथे वीसेक गाड्या ट्रॅकभर पसरलेल्या, कॅमेरे फक्त आठ, आणि जे घडायचं ते हमखास प्रोग्रामवर, म्हणजे टीव्हीवर जाणाऱ्या चित्रात, नसलेल्या कॅमेऱ्यात घडतं. सर्व्हर सगळे कॅमेरे सतत रेकॉर्ड करत असतो, त्याला आम्ही रेकॉर्ड ट्रेन म्हणतो, ती थांबत नाही. काहीतरी झालं की इन मारायचा, म्हणजे क्लिपच्या सुरुवातीची खूण करायची, आणि चार-पाच सेकंद मागे जायचं, कारण अपघात का झाला हे आदळण्यात दिसतच नाही, ते आधीच्या ब्रेकिंगमध्ये दिसतं, कोणी आतली लाईन धरली, कोणी उशिरा ब्रेक मारला. मग ब्रेकपर्यंत पूर्ण स्पीडने सोडायचं आणि चाकाला चाक लागायच्या आधी स्पीडचा लीव्हर अर्ध्यावर आणायचा. जास्त लवकर स्लो केलं तर बघणाऱ्याला गाड्यांचा वेग कळत नाही, उशीर झाला तर चूक कोणाची ते कळत नाही. हे शिकायला मला काही वर्षं गेली आणि आज मी ते चांगलं करतो.

आपल्याकडच्या वीकेंडला टुरिंग कार आणि ज्युनियर फॉर्म्युला दोन्ही एकामागोमाग असतात. टुरिंग कार म्हणजे रस्त्यावर दिसते तीच गाडी, आतून सोलून पिंजरा बसवलेली. त्या एकमेकींना घासतात, दार चेपतं, आरसा जातो आणि पुढच्या वळणावर परत घासाघीस सुरू. लोकांना तेच आवडतं. फॉर्म्युला म्हणजे रेससाठीच बांधलेली एकसीटी गाडी, तिची गोष्ट वेगळी. एलजीबी फोर या आपल्याकडच्या फॉर्म्युला गटात इंजिन स्विफ्टचं, तेराशे सीसीचं, ऐकून लोक हसतात, पण चाकं उघडी असतात. पुढच्या गाडीच्या मागच्या टायरचा मागचा भाग फिरताना खालून वर जात असतो. मागच्याचं पुढचं चाक त्याला टेकलं की तो टायर त्याला अक्षरशः उचलून वर फेकतो. म्हणून दोन फॉर्म्युला गाड्यांची चाकं जवळ आली की माझा हात आपोआप बटणावर जातो.

आणि याचे फॅन. क्रिकेटचं पब्लिक मी रोज बघतो, हे त्यातलं नाही. संख्या थोडी, पण प्रत्येकाला प्रत्येक पोराचा इतिहास पाठ, वडाळ्याच्या कार्टिंग ट्रॅकवर तो पहिल्यांदा कधी बसला इथपासून. जेहान दारूवाला मुंबईचा, फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमने २०११ मध्ये जो टॅलेंट हंट केला त्यात निवडला गेला आणि पुढे एफ टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, रेस जिंकला, त्यामुळे इथल्या कितीतरी आईबापांनी कर्ज काढून पोरांना गाडीत बसवलंय. हे फॅन त्या आईबापांनाही ओळखतात. लालबागचे एक काका आहेत, बेस्टच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते रेस बघताना वहीत लॅप चार्ट भरतात, म्हणजे प्रत्येक लॅपला गाड्या ज्या क्रमाने लाईन ओलांडतात ते नंबर एका ओळीत. कोण कधी चढला, कोण गायब झाला, सगळं त्या कागदावर. कित्येकदा आमच्या ग्राफिक्सवर पेनल्टी चढायच्या आधी काकांचा मेसेज येतो की सात नंबरला पाच सेकंद धरले नाहीत तुम्ही, आणि ते बरोबर असतात. संध्याकाळी ते ब्रिटिश टुरिंग कार बघतात, एका रविवारी तीन रेस आणि तिसरीला पुढचे नंबर उलटे करून ग्रिड लावतात. कॉलिन टर्किंग्टन त्यांचा देव, २००९, २०१४, २०१८, २०१९, चारही टायटल त्यांना गाड्यांसकट पाठ.

तर त्या दिवशी सकाळची टुरिंग कारची रेस मस्त झाली. जेवणानंतर फॉर्म्युलाची दुसरी रेस. अर्धी रेस होत आली होती, प्रोग्रामवर आघाडीचे दोघं, आणि कॅमेरा पाचवर मागचा घोळका वेगाच्या उजव्या वळणावर येत होता. चाकाला चाक लागलं. मागची गाडी वर गेली, आडवी फिरली, उलटली आणि टायरच्या भिंतीत जाऊन सुलट पडली. कॅमेरामनने फ्रेम एक क्षण सोडली नाही, त्याचं खरंच कौतुक आहे, उन्हात प्लॅटफॉर्मवर उभा राहून असं पॅन करणं सोपं नसतं. मी इन मारला होता. टॉकबॅकवर, म्हणजे हेडफोनवर, डायरेक्टर मॅडमनी विचारलं, "मिळालं?" मी म्हटलं, "पाचवर पूर्ण आहे." त्या म्हणाल्या, "होल्ड. कोणी रोल करणार नाही."

रेड फ्लॅग, म्हणजे रेस थांबवली. मॅडमनी प्रोग्राम लांबच्या वाईड शॉटवर नेला, ज्यात झाडं, पिट लेन आणि थांबलेल्या गाड्या एवढंच. नियम साधा आहे, ड्रायव्हर ठीक असल्याचं कळेपर्यंत रीप्ले नाही. हा नियम मला पूर्ण मान्य आहे. २०१९ ला स्पाला एफ टूच्या रेसमध्ये आँत्वान ह्युबेर गेला तेव्हाही रीप्ले दाखवले नव्हते. उलट २०२० ला बहारीनला रोमँ ग्रोजाँ आगीतून चालत बाहेर आला, म्हणजे ठीक होता, तरी ती आग इतक्यांदा दाखवली की डॅनियल रिकार्डोने उघडपणे राग व्यक्त केला, कारण बाकीच्या ड्रायव्हरना थोड्या वेळात परत गाडीत बसायचं होतं. त्यामुळे क्लायंटच्या सोशल मीडियाचा माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि "फक्त दहा सेकंद द्या, मोबाईलवर टाकतो" म्हणाला तेव्हा मी मान वळवून बघितलंही नाही. अपघाताच्या वेळी असल्या माणसांना कंट्रोल रूममध्ये येऊच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण झाडं किती वेळ दाखवणार? कॉमेंटेटर टायरच्या प्रेशरबद्दल बोलत राहिले, कारण त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही नाही. आम्हाला रेस डायरेक्टरचा चॅनल ऐकू येतो, मेडिकलचा येत नाही. रेड फ्लॅग का, एवढं सुद्धा कोणी सांगत नाही, आम्ही आपापलं समजायचं.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते, आणि ती कॉमेंटरीत सांगायला हवी होती. ड्रायव्हरला बाहेर काढायला वेळ लागतोय याचा अर्थ तो वाईट अवस्थेत आहे असा होत नाही. मणक्याची शंका असली की घाई करतच नाहीत, आधी मानेला कॉलर, मग डॉक्टर आत हात घालून तपासणार, मग चौघंपाचजण मिळून एका मोजणीवर उचलणार. खुर्चीतून ओढून काढला असता तर ते भीतीचं होतं. २०१७ ला डॉनिंग्टनला ब्रिटिश एफ फोरमध्ये बिली मॉंगर उभ्या गाडीवर आदळला तेव्हा त्याला गाडीतून काढायला तास-दीड तास गेला. त्याचे दोन्ही पाय गेले हे खरं, पण तो वाचला, परत रेस करायला लागला आणि २०१९ ला फ्रान्समधल्या पो या गावची रेस जिंकला. ही माहिती त्या वेळी दोन वाक्यांत सांगितली असती तरी घरी बसलेल्यांना धीर आला असता. आपण चित्र थांबवतो तेव्हा शब्द थांबवून चालत नाही, आणि आमच्या धंद्यात हे कोणी शिकवत नाही.

तोपर्यंत गॅलरीतल्या कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॅपवर फिरायला लागला होता. हलणारा, लांबून काढलेला, त्यात गाडी उलटताना दिसते आणि कोणीतरी "मेला मेला" ओरडतंय. मकाऊला २०१८ मध्ये सोफिया फ्लोर्शचं हेच झालं, ताशी २७६ किलोमीटरने येताना तिची गाडी पुढच्या जेहानच्या गाडीला लागली, लिस्बोआच्या वळणावर हवेतून उडून कुंपणापलीकडे गेली, आणि ती कशी आहे हे कोणाला कळायच्या आत प्रेक्षकांचे व्हिडिओ जगभर. शेवटी मी ठीक आहे, उद्या ऑपरेशन आहे हे तिनेच लिहून कळवलं. आम्ही इथे शिस्तीत क्लिप धरून बसतो, आणि तिथे लोकांच्या हातात त्याच अपघाताची फाटकी आवृत्ती असते.

माझा फोन सायलेंटवर मांडीवर होता. काकांचा मेसेज: "अरे पोराची आई मला फोन करतेय. बाबा फोन उचलत नाहीत. काय सांगू?"

मी तेव्हा काय बघत होतो ते सांगतो. कॅमेरा पाच प्रोग्रामवर नव्हता, पण माझ्या मॉनिटरवर लाईव्ह होता. मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतनीस, धावत आले, एकाने हात पुढे करून बाकीच्यांना थांबवलं, आणि त्या गॅपमधून मला दिसलं की पोराने उजवा हात उचलून स्वतः व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच, वर केला. मार्शलशी काहीतरी बोललाही. लाखो लोकांना दाखवायचं नसलेलं चित्र माझ्यासमोर होतं, आणि त्यात ती एक गोष्ट होती जी त्या बाईला हवी होती.

कंट्रोल रूममधून बाहेर काही जायचं नाही हा लेखी नियम आहे. त्याचं कारणही मला कळतं. हात हलला म्हणजे मान ठीक आहे असं नसतं, आत रक्तस्राव असू शकतो, आणि "ठीक आहे" असं सांगून तासाने वेगळी बातमी आली तर त्या घरावर काय गुदरेल. मी "ठीक आहे" लिहिलं नाही. मी लिहिलं, "शुद्धीत आहे. स्वतः व्हायझर वर केला, बोलतोय. मार काय आहे ते माहीत नाही, डॉक्टर आलेत." जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच.

काकांनी ते जसंच्या तसं तिला वाचून दाखवलं, एक शब्द न वाढवता, हे मला नंतर कळलं. त्याहून मोठं काम त्यांनी केलं ते असं, की त्यांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता तिथे त्यांनी एकेकाला फोन करून डिलीट करायला लावला. मेसेज टाकून नाही, फोन करून. एकजण वाद घालायला लागला की सगळीकडे फिरतोच आहे, तर काका त्याला म्हणाले, "फिरू दे. त्याच्या आईकडे आपल्याकडून जायला नको." या लोकांना बाहेरचे टाइमपास करणारे समजतात. त्या अर्ध्या तासात जबाबदारीने वागलेले तेच होते, आम्ही पगारी लोक कमी पडलो.

पोराला अँब्युलन्सने नेलं. कॉलरबोन आणि मनगट, दोन्ही फ्रॅक्चर, बाकी स्कॅन क्लिअर. रेस परत सुरू झाली, कमी लॅपची. ड्रायव्हर शुद्धीत असल्याचं अधिकृतपणे आम्हाला कळलं तेव्हा मॅडमनी मला विचारलं, रोल करायचं का. मी म्हटलं नको, आणि त्यांनी केलं नाही. तेवढ्यावरून शिव्या सुरू, काय लपवताय, सेटिंग आहे, वगैरे.

सोमवारी चौकशी. माझा मेसेज कोणीतरी पुढे पाठवला होता. वरच्यांचं म्हणणं एकच, उद्या प्रत्येकाने असं केलं तर? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, आणि हा प्रश्न चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. मॅडम तिथे एवढंच बोलल्या की त्याच्या हातात जी क्लिप होती ती बाहेर गेलेली नाही, हे सुद्धा लिहून घ्या. मला ताकीद मिळाली, शिफ्ट गेली नाही.

आणि मग बुधवारी त्या पोराचा मेसेज. हॉस्पिटलमधून. "भाऊ, कॅमेरा पाचचं फुटेज मिळेल का, इन्स्टावर टाकायचंय, स्पॉन्सरना पण दाखवायचंय." मी सुन्न झालो, पण त्याचंही बरोबर आहे, स्पॉन्सर नसेल तर पुढचा राऊंड नाही, आणि उलटून वाचलेली गाडी लोक बघतात. त्याच्या आईने काकांकडून नंबर घेऊन मला फोन केला आणि सांगितलं, "दादा, देऊ नका, मी अजून ते बघितलेलं नाहीये आणि मला बघायचंही नाहीये." स्टुअर्डनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, सगळे अँगल मागितले ते ऑफिसने रीतसर पाठवले, चौकशीला ते लागतातच. पोराला मी कळवलं की तू अठराचा होईपर्यंत आईबाबांच्या सहीशिवाय देता येणार नाही. तो रागावला. बाबांनी अजून हो किंवा नाही काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे क्लिप सर्व्हरवरून काढून आर्काइव्हला लॉक करून ठेवलीय.

मी मॅडमच्या सहीने एक ईमेल पाठवलीय. मागणी लहान आहे. ड्रायव्हरची तब्येत, रिपोर्ट, काही नको. रेस कंट्रोलमध्ये एका माणसाने घरच्यांना फोन करायचा आणि आम्हाला एक ओळ सांगायची, "कुटुंबाला कळवलं." त्यासाठी प्रत्येक एंट्रीच्या फॉर्मवर ट्रॅकवर नसलेल्या नातेवाईकाचा नंबर हवा, आणि रीप्लेचा निर्णय त्या ओळीनंतर. दुसरं, रेड फ्लॅग लागला की कॉमेंटेटरना वाचायला एक कागद द्यायचा, वेळ का लागतो ते सांगणारा. तो कागद मी लिहून दिलाय, काकांनी तपासला आणि मानेच्या कॉलरबद्दलचं एक वाक्य साध्या भाषेत बदलून दिलं. कागद मंजूर झाला, पुढच्या राऊंडला कॉमेंट्री बॉक्समध्ये लावणार आहेत. फोनच्या माणसाबद्दल उत्तर आलंय की खर्च कोणी करायचा ते आधी ठरू दे. एका फोनचा खर्च. मी दर सोमवारी परत विचारतोय.