नेशनवाइडच्या राखीव निधीवर हक्क कोणाचा?

आपल्याकडे 'सोसायटी' म्हटलं की मेंटेनन्स, पार्किंगवरून भांडणं आणि कोरमअभावी तहकूब झालेली वार्षिक सभा डोळ्यांपुढे येते. ब्रिटनमधली बिल्डिंग सोसायटी इमारत सांभाळत नाही आणि बांधतही नाही. ती लोकांची बचत गोळा करते आणि त्यातून घरकर्ज देते. नात्याने ती आपल्या पतसंस्थेच्या जवळची. आकाराचं मात्र विचारू नका. स्विंडनला मुख्यालय असलेली नेशनवाइड या घराण्यातली सर्वांत मोठी, आणि तिचे सभासद दीड कोटीहून जास्त आहेत.

या धंद्याची सुरुवात चक्क भिशीतून झाली. माहितीतली पहिली सोसायटी १७७५ साली बर्मिंगहॅममध्ये रिचर्ड केटली या खाणावळवाल्याच्या गोल्डन क्रॉसमध्ये भरायची. सगळ्यांनी दरमहा वर्गणी भरायची, पुरेशी रक्कम जमली की चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर लागेल त्याने घर बांधायचं आणि तरी वर्गणी चालूच ठेवायची. शेवटच्या सभासदाचं घर झालं की हिशेब मिटवून संस्था बंद. यातली अडचण भिशी लावणाऱ्या कोणालाही सांगायला नको: शेवटच्या नंबरवाल्याला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, मध्येच कोणी हप्ते थकवले तर उरलेल्यांचा नंबर आणखी लांबतो, आणि उशिरा येणाऱ्याला मागची सगळी वर्गणी एकदम भरावी लागते. मग ज्यांना घर नको, फक्त व्याज हवंय, अशांचे पैसे घेणं सुरू झालं. बचतदार वेगळा आणि कर्जदार वेगळा झाल्यावर संस्था बंद करायचं कारणच उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा 'पर्मनंट' सोसायट्या निघाल्या. जुन्या सोसायट्यांच्या नावात हा शब्द दिसतो तो त्यामुळे.

नेशनवाइडचं जुनं नावही तसंच: १८८४ साली लंडनमध्ये सुरू झालेली को-ऑपरेटिव्ह पर्मनंट. १९७० मध्ये तिचं नाव नेशनवाइड झालं. १९८७ मध्ये अँग्लिया सोसायटी तिच्यात आली. अँग्लियाचं मूळ १८४८ च्या नॉर्दम्प्टनच्या फ्रीहोल्ड लँड सोसायटीत आहे. त्या काळी मताचा हक्क मालमत्तेवर ठरायचा, म्हणून जमिनीचे मोठे तुकडे घेऊन कामगारांना छोटे प्लॉट पाडून देणं हे राजकीय काम होतं. पुढे २००७ मध्ये पोर्टमन आणि २००८ मध्ये डर्बीशर व चेशर याही नेशनवाइडमध्ये विलीन झाल्या. १९०० साली ब्रिटनमध्ये दोन हजारांवर सोसायट्या होत्या, आज जेमतेम चाळीसेक उरल्यात.

आता 'शेअर' या शब्दाकडे वळू, कारण आपल्याकडचा माणूस गोंधळतो तो इथेच. आपल्या नागरी सहकारी बँकेत कर्ज घेताना कर्जाच्या २.५ किंवा ५ टक्के रकमेचे शेअर घ्यावे लागतात, त्यावर लाभांश मिळतो आणि मतही. नुसती मुदत ठेव ठेवणाऱ्याला मत नसतं. बिल्डिंग सोसायटीत उलट आहे. बचत खात्यालाच 'शेअर अकाउंट' म्हणतात. १०० पौंड ठेवले तर १०० पौंड अधिक व्याज परत मिळतं, किंमत वरखाली होत नाही, आणि खातेदार आपोआप सभासद होतो. कर्जदारही सभासद. शिल्लक कितीही मोठी असो, एका माणसाला एकच मत. त्यामुळे संस्थेची सूत्रं निदान कागदावर तरी एकट्या कर्जदारांच्या हाती जात नाहीत. आपल्याकडच्या बुडीत बँकांचा इतिहास बघता हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पण मग नफा जातो कुठे? बाहेरचा भागधारक नसल्याने लाभांश द्यायचा नसतो. बचतीवरचं व्याज आणि कर्जावरचं व्याज यांतल्या फरकातून खर्च आणि बुडीत कर्जं वजा जाता उरलेलं बहुतेक राखीव निधीत जातं. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या या रकमेवर एकट्या सभासदाचा हक्क नाही. खातं बंद केलं की आपली शिल्लक घ्यायची आणि निघायचं.

याच निधीवर १९८६ च्या कायद्यानंतर डोळा गेला. सभासदांनी ठराव केला तर सोसायटीची बँक कंपनी करता येऊ लागली. १९८९ मध्ये अ‍ॅबी नॅशनलने प्रत्येक सभासदाला १०० शेअर फुकट दिले आणि लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. आजोबांच्या पिढीने साठवलेलं, त्या दिवशी खातं असणाऱ्यांनी वाटून घेतलं, असा तो प्रकार. मग किमान शिल्लक टाकून गावोगावच्या सोसायट्यांत खाती उघडणारी मंडळी निघाली. त्यांना 'कार्पेटबॅगर' म्हणत. १९९७ मध्ये हॅलिफॅक्स, वुलविच, अलायन्स अँड लेस्टर आणि नॉर्दर्न रॉक एकामागून एक बँका झाल्या. नेशनवाइडमध्ये १९९८ च्या मतदानात हा ठराव अगदी थोडक्यात पडला. तोवर, नोव्हेंबर १९९७ पासूनच, तिने तोडगा काढला होता: नव्या सभासदाने खातं उघडतानाच लिहून द्यायचं की पुढेमागे रूपांतर होऊन काही मिळालंच तर ते धर्मादाय संस्थेला जाईल. फुकटच्या आशेने येणाऱ्याला मग येण्याचं कारणच उरलं नाही.

बँक झालेल्यांपैकी आज एकही स्वतंत्र नाही. कायद्याने सोसायटीला किमान निम्मा निधी सभासदांच्या बचतीतून उभारावा लागतो आणि किमान ७५ टक्के कर्जं राहत्या घरांच्या तारणावर द्यावी लागतात. नॉर्दर्न रॉकवर बँक झाल्यावर हे बंधन राहिलं नाही. २००७ पर्यंत तिच्या निधीत लोकांच्या बचतीचा वाटा जेमतेम पाव उरला होता, बाकी घाऊक बाजारातून, म्हणजे बँका आणि मोठ्या गुंतवणूकदारांकडून, घेतलेला पैसा. बाजार आटला आणि सप्टेंबरमध्ये शाखांबाहेर रांगा लागल्या. अर्थात सोसायटी राहिलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. स्कॉटलंडची डनफर्मलिन सोसायटीच होती, पण व्यापारी मालमत्तांवरच्या कर्जांनी तिला खड्ड्यात घातलं. २००९ मध्ये तिच्या ठेवी, शाखा आणि चांगली घरकर्जं नेशनवाइडकडे आली, धोक्याची कर्जं बाहेर ठेवली गेली.

तिकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं हिशेबाचं. दोन किंवा पाच वर्षांचा स्थिर दर संपला की कर्ज आपोआप सोसायटीच्या चढ्या प्रमाण दरावर, म्हणजे ती स्वतः ठरवते त्या बदलत्या दरावर, जातं. समजा २ लाख पौंड, २५ वर्षं, ५ टक्के: हप्ता सुमारे १,१६९ पौंड, त्यातले पहिल्या महिन्यात ८३३ नुसतं व्याज. दोन वर्षांनी मुद्दल सुमारे १,९१,५०० उरतं. दर ७.५ झाला तर हप्ता सुमारे १,४५८. आपल्याकडे दर वाढला की बहुतेकदा हप्ता तोच राहून मुदत लांबते, तिथे मुदत तीच राहून हप्ता वाढतो. म्हणून स्थिर दर संपण्याच्या काही महिने आधीच नवा दर बांधून घ्यायचा. स्थिर मुदतीत जादा भरणा बहुतेक ठिकाणी वर्षाला १० टक्क्यांपर्यंतच चालतो. त्याहून जास्त भरलं तर दंड बसतो, म्हणून भारतातून आलेली रक्कम एकदम भरू नये.

२०२३ पासून नेशनवाइडने नफ्यातून थेट वाटप सुरू केलं: पात्र सभासदाला १०० पौंड. त्यासाठी चालू खातं लागतं, शिवाय बचत किंवा घरकर्जही. नुसतं जुनं बचत खातं असणारे इथेच कटतात. हे वाटप हक्काचं नाही, संचालक मंडळ दरवर्षी ठरवतं.

आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच राखीव निधीच्या बळावर नेशनवाइडने सुमारे २.९ अब्ज पौंडांना व्हर्जिन मनी ही भागधारकांची बँक विकत घेतली. पुस्तकी किमतीपेक्षा (ताळेबंदातली मालमत्ता वजा देणी) कमीत मिळाली, म्हणजे सौदा म्हणून वाईट नाही. पण कायद्याने मतदान लागत नाही असं सांगून सभासदांना विचारलं गेलं नाही, आणि त्यावर बरीच ओरड झाली. पुढच्या वर्षी सभासदांच्या खात्यात आभाराचे ५० पौंड आले.