रोममधलं वीजकेंद्र, जिथे आता देव राहतात

रोमच्या चौथ्या दिवशी देवळं आणि चर्च बघून पाय भरून आले होते. तरी मेट्रोची बी लाइन धरली आणि गार्बातेल्ला स्टेशनला उतरलो. तिथून चेंत्राले मोंतेमार्तिनी चालत दहा-एक मिनिटं. रस्ता रुक्ष आहे, पण चुकायला होत नाही.

हे १९१२ साली सुरू झालेलं वीजकेंद्र १९६३ मध्ये बंद पडलं. १९९७ मध्ये कॅपिटोलाइन म्युझियममध्ये बांधकाम निघालं, म्हणून तिथले शेकडो प्राचीन पुतळे तात्पुरते इथे आणून मांडले. लोकांना ती मांडणी इतकी भावली की म्युझियम कायमचंच झालं.

यंत्रं मात्र जागची हलवली नाहीत. मुख्य दालनात १९३३ सालची दोन डिझेल इंजिनं आहेत, प्रत्येकी ७५०० अश्वशक्तीची, काळीकुळीत, घराएवढी. त्यांच्यापुढे पांढरे संगमरवरी देव. एका पुतळ्याच्या वस्त्राच्या चुण्या न्याहाळत होतो आणि नजर मागच्या बोल्टांच्या रांगेवर गेली. तितकंच नेटकं काम. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. गिरणी बंद झाली आणि साचे भंगारात गेले, जागेवर एकही उरला नाही. इंजिनाच्या लोखंडी जिन्यापाशी मी बराच वेळ नुसता उभा राहिलो.

फोर्तुना या रोमन भाग्यदेवीचं अवाढव्य शिर इथेच आहे. मूळ मूर्ती साधारण आठ मीटर उंच होती म्हणे, आणि ते शिर समोर बघितल्यावर पटतं. बॉयलरच्या दालनात पॉलिहिम्निया ही ग्रीक काव्यदेवता आहे, अंगभर शाल लपेटून, खडकावर रेलून, हनुवटीला हात लावून विचारात पडलेली. माझ्या मते सगळ्या म्युझियममध्ये हिला तोड नाही. तिथेच जमिनीवर शिकारीच्या दृश्यांचं मोठं मोझेक आहे. ते खालून नीट कळत नाही, वरच्या मार्गिकेवर चढा, मग अख्खं दिसतं.

सोमवारी बंद असतं. तिकीट खिडकी म्युझियमच्या आधी बंद होते, त्यामुळे संध्याकाळवर टाकू नका. निघण्याआधी वेळा आणि दर संकेतस्थळावर बघून घ्या. दोन तास तरी हातात ठेवा, यंत्रं बघायची असतील तर तीन. गर्दी जवळजवळ नसतेच, व्हॅटिकनच्या रांगांनंतर हे फार सुखाचं वाटतं. आईवडिलांना घेऊन जात असाल तर आधी पोटपूजा उरकून घ्या, आसपास पर्यटकांची वर्दळ नाही. याच रस्त्यावर पुढे सेंट पॉलचं भव्य बॅसिलिका आहे, दुपारनंतर तिकडे वळता येतं.