ती आता आमच्यात नसते

जुनी मालिका पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली की कथा काय असणार हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘सगळे आहेत ना?’ लग्नाची पत्रिका हातात पडली की आपण मुहूर्ताआधी निमंत्रकांची नावं वाचतो ना, तसं. कोणाचं नाव छापलंय यात कोणाला रस नसतो, कोणाचं गाळलंय ते आधी दिसतं.

आणि एक तरी नाव गळालेलं असतंच. पंधरा-वीस वर्षांत माणसं आजारी पडतात, जातात, भांडतात, राजकारणात शिरतात, मानधनावरून अडून बसतात, नाहीतर सरळ कंटाळतात. तो नट का नाही हे बघणाऱ्याला पेपरात वाचून माहीत असतं. पण मालिकेतल्या माणसांना बिचाऱ्यांना कुठे पेपर मिळतो? त्यांच्यासाठी लेखकाला काहीतरी कारण रचावं लागतं. ही रचलेली कारणं जमवायचा मला नाद आहे. नाशिकसारख्या गावात, संध्याकाळी साडेसातनंतर ज्या घरात रिमोट सासूबाईंकडे असतो, तिथे असा नाद फुकटात जोपासता येतो.

माझ्या संग्रहातला सगळ्यात आवडता नमुना मात्र सासूबाईंच्या नाही, माझ्या मोबाइलवरचा आहे. न्यूयॉर्कमधल्या चार मैत्रिणींची ‘सेक्स अँड द सिटी’ 1998 ते 2004 या काळात चालली. आमच्या भिशीतल्या निम्म्या जणींनी ती कधी ना कधी बघितलीय, फक्त नाव असं की चारचौघांत घ्यायची सोय नाही. 2021 च्या डिसेंबरात ती ‘अँड जस्ट लाइक दॅट’ या नावानं परत आली आणि चौघींतल्या तिघीच दिसल्या, कॅरी, मिरांडा आणि शार्लट. सॅमँथा नव्हती. ते काम करणाऱ्या किम कॅट्रलनं आपण पुन्हा या भूमिकेत येणार नाही हे केव्हाच जाहीर सांगून टाकलं होतं, आणि आतल्या बेबनावाची चर्चाही चवीनं चघळून झाली होती.

आता लेखकांपुढे रस्ते होते. सॅमँथाला मारता आलं असतं. दुसरी कोणी उभी करता आली असती. त्यांनी काय केलं, तर तिला रुसवलं. पहिल्याच भागात एक जुनी ओळखीची बाई या तिघींना भेटते आणि विचारते, सॅमँथा कुठाय? शार्लट चेहरा पाडून सांगते की ती आता आमच्यात नसते. बाई हबकतेच. मग मिरांडाला घाईघाईनं सावरावं लागतं, की गेली म्हणजे तशी नाही गेली, लंडनला गेली! या एका विनोदात त्यांनी बघणाऱ्याच्या मनातली शंका काढली, चिमटा घेतला आणि पुढे निघाले.

पण खरी मजा पुढे आहे. कारण असं दिलंय की कॅरीच्या पुस्तकांच्या प्रसिद्धीचं काम सॅमँथा बघायची. पुस्तकांचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून कॅरीनं ते काम थांबवलं. सॅमँथा वरवर ठीक आहे म्हणाली आणि मग फोन घेणंच बंद केलं. म्हणजे बिनसलं ते व्यवहारावरून, आणि तुटली मैत्री. हे ऐकून मी मोबाइल पॉज केला आणि दोन मिनिटं पंख्याकडे बघत बसले, कारण हे मला तोंडपाठ होतं.

आमच्या भिशीतही असंच झालं होतं. गंगापूर रोडवरची आमची जुनी भिशी, दर महिन्याला चिठ्ठी निघते. एका मैत्रिणीनं एकदा विनंती केली की मुलाच्या अ‍ॅडमिशनचे पैसे भरायचेत, या महिन्याची रक्कम मला द्या, माझा नंबर नंतर आला की तो कोणीही घ्या. कोणीतरी म्हणालं, नियम म्हणजे नियम. बाकीच्या आपापल्या बशीतल्या ढोकळ्याकडे बघत राहिल्या. ती काही बोलली नाही. ते वर्ष संपेपर्यंत प्रत्येक महिन्याची रक्कम तिनं तारखेला, पाकिटात घालून, वर नाव लिहून पाठवली. शेवटची चिठ्ठी फुटली त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बारीक करडी ओळ उमटली, अमुक हिनं ग्रुप सोडला. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे मिटवायचं काय हेही कळेना. पुढे कोणी नवीन बाई आली आणि जुन्या सहलीचा फोटो बघून विचारू लागली, ही हिरव्या पैठणीतली कोण हो, की आम्ही काय सांगायचो? तिला हल्ली जमत नाही. तिच्याकडे पाहुणे असतात. ती पाथर्डी फाट्याला राहायला गेली ना, लांब पडतं. गंगापूर रोडहून पाथर्डी फाटा म्हणजे जणू लंडनच.

म्हणून मला त्या लेखकांचं कौतुक. मालिकावाले शक्यतो अंतराचं कारण देतात, भांडणाचं देत नाहीत. ‘फुल हाउस’ 2016 मध्ये ‘फुलर हाउस’ होऊन परतली तेव्हा धाकटी मिशेल आळीपाळीनं करणाऱ्या जुळ्या ओल्सन बहिणी आल्या नाहीत. सांगितलं काय, तर मिशेल न्यूयॉर्कला फॅशनच्या धंद्यात गुंतलीय, म्हणजे खऱ्या ओल्सन बहिणींसारखीच. एवढं बोलून सगळेजण कॅमेऱ्याकडे रोखून बघत उभे! टोमणा झकास आहे, पण टोमणाच. सॅमँथाच्या बाबतीत निदान तिला राग यायचा हक्क होता, आणि तो कथेत धरला. कॅरीचा नवरा जातो तेव्हा शवपेटीवरची फुलं सॅमँथानं पाठवलेली असतात. स्वतः येत नाही, फुलं येतात. मग मोबाइलवर दोन-चार ओळी, मग मोठा खंड, मग पुन्हा दोन ओळी. रुसलेली माणसं अशीच परततात, हप्त्याहप्त्यानं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, कॅट्रल खरोखरच दिसली. जेमतेम मिनिटभर. गाडीत बसलेली, कानाला फोन. धुक्यामुळे विमान रखडलं, नाहीतर अचानक येऊन तुम्हाला चकित करणार होते, असं म्हणते आणि फोन ठेवते. ती आणि कॅरी एका चौकटीत येतच नाहीत. तेवढ्यावर जगभरच्या बायका खूश. मीही होते.

याच मालिकेत दुसरी एक अनुपस्थिती आहे आणि तिथे मात्र माझा हात आखडतो. स्टॅनफर्ड करणारा विली गार्सन चित्रीकरण चालू असतानाच, 2021 च्या सप्टेंबरात गेला. त्याचं पात्र एक चिठ्ठी ठेवून टोकियोला निघून गेलं, आणि पुढच्या हंगामात तर क्योतोत शिंतो भिक्षू झालं. घाईत सुचलं ते केलं असणार, आणि मित्राला पडद्यावर पुन्हा मारायचं कोणाला होईल? तरीही गेलेल्या माणसाला जपानात जिवंत ठेवलं की बघणाऱ्याच्या मनातलं सुतक फिटत नाही. त्यापेक्षा ‘फ्रेझर’ या मालिकेवाल्यांनी केलं ते मला पटतं. नायकाच्या वडिलांचं काम करणारे जॉन महोनी 2018 मध्ये वारले, म्हणून 2023 च्या नव्या मालिकेत वडीलही वारलेत. मुलगा त्यांच्या अंत्यविधीनंतर बॉस्टनला येतो आणि जिथे जाऊन बसतो त्या बारचं नाव महोनीज. नाव घेतलं, पेला उचलला, कथा पुढे.

सगळ्यात वरताण केली ‘रोझॅन’नं. जुन्या मालिकेच्या शेवटी, 1997 मध्ये, नवरा हृदयविकारानं गेल्याचं सांगितलं होतं. 2018 मध्ये मालिका परतली तर तो अंथरुणात ठणठणीत, आणि बायको त्याला म्हणते, मला वाटलं तू मेलास. काही महिन्यांनी ही बायको, म्हणजे रोझॅन, करणाऱ्या रोझॅन बारला एका ट्वीटपायी काढून टाकलं. बाकीच्या कुटुंबाची ‘द कॉनर्स’ सुरू झाली आणि तिच्यात रोझॅन वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनानं मेली. मेलेला नवरा जिवंत आणि जिवंत बायको मेली! हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, यात काय विशेष? आमच्या मिहीरचं नाही का झालं?”

खरंच की. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ 2000 साली सुरू झाली तेव्हा आमच्या घरात साडेदहाला दूध तापवायचं बंद झालं होतं, उतू जातं म्हणून. तुळशीच्या नवऱ्याला, मिहीरला, अपघातात मारलं तर देशभर इतका ओरडा झाला की त्याला परत आणावा लागला. नंतर मिहीर करणाऱ्या अमर उपाध्यायनं मालिका सोडली. मग इंदर कुमार मिहीर झाला, मग रोनित रॉय, आणि रोनितनं तो वर्षानुवर्षं निभावला. 2025 च्या जुलैत मालिका परतली तर मिहीर म्हणून पुन्हा अमर उपाध्याय. मला प्रश्न पडला तो रोनितचा. इतकी वर्षं ज्या माणसानं तुळशीशी संसार केला, तो मुळात नव्हताच की काय? सासूबाईंना असले प्रश्न पडत नाहीत. “हा खरा. तो मधला.” संपलं. तुळशीबद्दलही त्यांचं तेवढंच सरळ मत. ते काम करणाऱ्या स्मृती इराणी मधल्या काळात केंद्रात मंत्री होऊन आल्या, पण सासूबाईंच्या लेखी तुळस कामानिमित्त दिल्लीला गेली होती. बा करणाऱ्या सुधा शिवपुरी 2015 मध्ये वारल्या, त्याबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्या दिवशी मालिका सुरू व्हायच्या आत समईसमोर हात उगीच जोडून आल्या.

आपल्याकडे चेहरा बदलणं कोणाला फारसं खटकत नाही. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असं बिनदिक्कत छापतात आणि आपण कालिदास कलामंदिरात जाऊन टाळ्या वाजवून येतो. ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकरनं मालिका सोडली आणि शेवंता झाली कृतिका तुळसकर. लोकांनी कुरकुर केली, पण शेवंता तेव्हा भूत होती. भुतानं कुठला चेहरा घ्यावा हे कोण ठरवणार! ‘चला हवा येऊ द्या’ 2025 मध्ये परतलं तेव्हा निलेश साबळेच्या जागी अभिजीत खांडकेकर आला, आणि आमच्या इमारतीत लगेच दोन तट पडले. साबळेशिवाय हवा कसली, हा एक. दुसरा तट म्हणतो, अभिजीत आपल्या नाशिकचा आहे, गप्प बसा.

नाशिककरांना हे जड जाऊ नये याला जुनी कारणं आहेत. पंचवटीत सीतागुंफेत वाकून, जवळजवळ सरपटत उतरताना लोक म्हणतात, इथूनच सीतेला नेलं. अध्यात्म रामायण म्हणतं, नेली ती खरी सीता नव्हतीच. रावण येणार हे रामाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं सीतेला अग्नीत सुरक्षित ठेवलं आणि पर्णकुटीत राहिली ती छायेची सीता. म्हणजे मूळ नायिका ऐन संकटाच्या प्रसंगाला हजरच नाही. आणि पुढे उत्तरकांडात ती वनात असताना रामाला अश्वमेध करायचा होता. पत्नीशिवाय यज्ञ होत नाही. दुसरी बायको त्यानं केली नाही, शेजारी सोन्याची सीता बसवली. या दोन्हींत मला सोन्याची सीता जास्त भावते. छायासीता बघणाऱ्याला फसवते. सोन्याच्या मूर्तीकडे बघून मात्र जमलेल्या प्रत्येकाला कळत असणार की बाई इथे नाही आणि का नाही.

त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी तर प्रश्न आणखी सोपा करून टाकला. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, म्हणून तारामती केली अण्णा साळुंके या पुरुषानं. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम केला आणि सीताही केली. स्वतःला पळवून नेलं म्हणून स्वतःच शोधत निघाले! आमच्या भिशीत हा किस्सा मी सांगितला तेव्हा एक जण म्हणाली, बरं झालं, मानधनाचा वाद नाही.

त्याच भिशीत, चिवड्याच्या बशा रिकाम्या होत असताना, मी सॅमँथाचं सगळं सांगितलं. नाव न घेता, ‘ती चार मैत्रिणींची’ असं म्हणून. कोणी काही बोललं नाही, पण हिरव्या पैठणीवालीचा विषय निघाला नाही असं कसं म्हणू? ती दरवर्षी दसऱ्याला न चुकता आपट्याच्या पानाचं चित्र पाठवते, प्रत्येकीला वेगवेगळं. ग्रुप नाही ना. ज्या बाईनं नियम म्हणजे नियम म्हटलं होतं तिनंच हळूच विचारलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावू या का तिला?

फोन करायचं माझ्यावर आलं. तिनं तिसऱ्या रिंगला उचलला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “येते. पण बसणार नाही हं. रिक्षा थांबवून ठेवीन.”

आता घरात खल चाललाय. नाशिकची रिक्षा, त्यात संक्रांतीची संध्याकाळ, तो किती थांबणार? वाण आधी द्यायचं की कॉफी? उभ्यानं ओटी भरली तर चालते का? सासूबाईंनी मालिकेवरची नजर न हलवता निकाल दिला, “त्या रिक्षावाल्यालाच आधी चहा पाठवा. आणि जरा गरम पाठवा, म्हणजे त्याला प्यायला वेळ लागेल.”