बरणीचं झाकण घट्ट लावा

घाटंजी तालुक्यातल्या त्या गावात कापसाची वेचणी ऐन भरात होती. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं पोराची तपासणी करून, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका म्हणून यवतमाळच्या उपचार केंद्राची चिठ्ठी दिली होती. पण मजुरी बुडवून दर आठवड्याला यवतमाळला कोण जाणार? म्हणून पोराला आणि घरच्यांना शिकवायला मीच घरी जायचे.

पोरगं तीन वर्षांचं. शब्द नाही, बोट दाखवणं नाही. काही हवं असलं की आजीचं मनगट धरून ओढत न्यायचं. आजी त्याला तेवढंही करावं लागू द्यायची नाही. तो चुलीकडे वळला की हातात भाकर, माठाकडे वळला की पेला. माया म्हणावी तर अशी. पण मागायची गरजच नसेल तर लेकरू मागायला शिकणार कसं?

त्या दिवशी मुरमुरे पारदर्शक बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. समोर आजी, पोराच्या मागे आई. त्यानं बरणी ओढली की आईनं मागून, काही न बोलता, त्याचा हात पसरून आजीपुढे धरायचा. हात पुढे आला की लगेच "दे" म्हणत चिमूटभर मुरमुरे. वाटीभर दिले तर पुन्हा मागणार कशाला?

तो किंचाळला, आडवा पडला. आजीचे डोळे भरले. "काऊन छळता जी लेकराले?" तिचा राग मला समजत होता. उपाशी ठेवायचं नाही, जेवण वेळेवरच द्यायचं, हे मी तिला पुन्हा सांगितलं.

मग आईचा हात हळूहळू सैल करत नेला. आधी मनगट, मग कोपर, मग नुसता स्पर्श. एकदा मी तिला खुणेनं थांबवलं. पोरगं बरणीकडे बघत राहिलं. मग हात आपोआप पसरला आणि त्यानं मान वर करून आजीकडे पाहिलं. "माझ्याकडे बघ" म्हणत हनुवटी धरून वळवणं मला कधीच पटलेलं नाही. ही नजर त्याची स्वतःची होती.

"माह्याकडे पाह्यलं ना जी त्यानं?" आजी मला विचारत होती. मी म्हटलं, आधी मुरमुरे द्या, उशीर नको.

"बाप बी उशिरा बोलला होता" म्हणत किती घरांत हीच वर्षं निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. सोळाव्या महिन्यापासून प्रश्नावलीनं स्वमग्नतेची प्राथमिक चाळणी करता येते.

संध्याकाळी बाप शेतातून आला, म्हणाला, "मले बी सांगा." पोराला त्याच्या खांद्यावर बसवलं. दोन झोके द्यायचे, थांबायचं, पोरानं कसलीही खूण केली की तिसरा.